संस्थापक गंभीर आजारी आहेत आणि कंपनीतून बाजूला व्हायचंय: आधी काय, मग काय?

प्रश्न: नागपूरला हिंगणा एमआयडीसीत काकाजींची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. सुरुवातीपासून सगळं त्यांच्याच डोक्यातून चाललंय. आता कॅन्सर निघाला, किमो सुरू आहे. संचालक दोघंच, काकाजी आणि काकू. काकाजी म्हणतात, मी राजीनामा देतो, तू सांभाळ. त्यांच्याकडून मुखत्यारपत्र करून घेतलं की भागेल का?

उत्तर: नाही भागणार. आणि राजीनामा सगळ्यात शेवटी, आधी मुळीच नाही.

मुखत्यारपत्राचं पहिलं बघू, कारण बहुतेक घरं इथंच फसतात. कंपनी कायद्याच्या कलम १६६(६) प्रमाणे संचालकाला आपलं पद दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, केलं तरी ते रद्दबातल. म्हणजे काकाजींच्या वतीने तुम्ही बोर्डाच्या ठरावावर सही करू शकत नाही. घर, शेती, स्वतःचं बँक खातं यासाठी मुखत्यारपत्र चालतं, पण देणाऱ्याचं मानसिक भान सुटलं की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार तेही संपतं. ज्या दिवशी खरी गरज, नेमका त्याच दिवशी कागद निकामी. मग कोमातल्या माणसासाठी पालक नेमून मागायला उच्च न्यायालयात याचिका. खंडपीठ नागपुरातच आहे हे खरं, पण निकाल येईपर्यंत पगार आणि जीएसटी थोडेच थांबतात?

कोणी 'अल्टरनेट डायरेक्टर', म्हणजे बदली संचालक, नेमा असंही सुचवील. तो मूळ संचालक किमान तीन महिने भारताबाहेर असेल तरच नेमता येतो. नागपुरातच, जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयात उपचार घेणारा माणूस भारताबाहेर नसतो.

आता क्रम. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि बोर्डाच्या बैठकीचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, तीही दोनच. काकाजींनी आज पद सोडलं तर काकू एकट्या उरतात आणि साधा ठरावही होत नाही. म्हणून आधी तुम्ही आत या. तुमची क्लास ३ डिजिटल सही काढा, डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) नसेल तर कंपनीमार्फत डीआयआर-३ हा फॉर्म भरा, संमतीसाठी डीआयआर-२ आणि अपात्र नसल्याचं डीआयआर-८ द्या. सात दिवसांच्या नोटिशीने बैठक बोलवा आणि कंपनीच्या नियमावलीत तशी सोय असेल तर कलम १६१ खाली अतिरिक्त संचालक म्हणून नेमणूक करून घ्या. संचालक बदलल्याची नोंद करणारा फॉर्म डीआयआर-१२ तीस दिवसांत भरायचा. ही नेमणूक पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच टिकते, तिथे भागधारकांचा ठराव विसरलात तर तुम्ही आपोआप बाहेर.

या सगळ्यावर आधीच्या संचालकाची डिजिटल सही लागते. ती ज्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते ते अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि मुदत संपलेली असते. नूतनीकरणाला काकाजींचा व्हिडिओ लागेल, तेव्हा ते आजच काढून तारीख बघा.

बैठकीसाठी काकाजींना कारखान्यात आणायची गरज नाही. व्हिडिओवरून हजेरी कोरममध्ये धरली जाते. आपण कुठून बोलतोय आणि खोलीत दुसरं कोणी ऐकत नाही, एवढं त्यांनी सुरुवातीला सांगायचं, आणि बैठकीचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. दिवस मात्र जपून निवडा. किमोची सायकल २१ दिवसांची असेल तर पहिले चार-पाच दिवस थकव्याचे जातात, दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पेशी उतरलेल्या असतात. तिसरा आठवडा बहुधा सगळ्यात बरा. डॉक्टरांना विचारून सह्या, बैठका, बँक सगळं त्यात बसवा.

तुम्ही संचालक झालात की चाव्या हलवायच्या. आजच्या कंपनीची खरी चावी म्हणजे ओटीपी येणारा मोबाइल नंबर. जीएसटी पोर्टलवर प्रायमरी ऑथराइज्ड सिग्नेटरी (सहीचा मुख्य अधिकारी), आयकर पोर्टल, ट्रेसेस (टीडीएसचं पोर्टल), पीएफ, ईएसआयसी, नेट बँकिंग, महावितरण: प्रत्येक ठिकाणी कोणाचा नंबर आणि ईमेल आहे त्याची यादी करा आणि एकेक बदला. काकाजींचं सिम बंद पडू देऊ नका. जीएसटीत संचालक बदलल्याची दुरुस्ती १५ दिवसांत टाकावी लागते. कारखान्याचा 'ऑक्युपायर', म्हणजे कायद्याने जबाबदार माणूस, संचालकच असावा लागतो, तिथेही नाव बदला. बँकेत ठरावाची प्रमाणित प्रत देऊन सहीचे अधिकार वाढवून घ्या. हे लवकर करायचं आणखी एक कारण: काही किमोंनी बोटं बधिर होतात, सही बदलते, आणि सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो.

कॅश क्रेडिटला, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, काकाजींची वैयक्तिक हमी असणारच. राजीनाम्याने ती सुटत नाही. बँकेकडून लेखी मुक्तिपत्र मिळेपर्यंत हमी चालूच समजा. बँक बदल्यात तुमची मागेल.

कागदांपेक्षा अवघड काम डोक्यातलं बाहेर काढणं. "तुमची दृष्टी सांगा" असं विचारलंत तर काहीच हाती लागणार नाही. मागच्या वर्षीची दहा कोटेशनं समोर ठेवा आणि प्रत्येकाचा भाव का तसा धरला ते विचारा. फोन रेकॉर्डिंगवर, एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे. कोणत्या ग्राहकाला कधीच उधार द्यायचं नाही, कोणता पुरवठादार अडीनडीला माल देतो, कोणतं मशीन कोणत्या आवाजावर बंद करायचं, हे कुठल्याच फायलीत नसतं.

लोकांना काय सांगायचं? अ‍ॅपलचं उदाहरण मुद्दाम देतो. स्टीव्ह जॉब्सला २००३ मध्ये स्वादुपिंडाच्या गाठीचं निदान झालं, कर्मचाऱ्यांना कळलं ऑगस्ट २००४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर. ५ जानेवारी २००९ ला त्याने वजन घटण्याचं कारण हार्मोनचं असंतुलन सांगितलं आणि नवव्या दिवशी, प्रकरण वाटलं त्याहून गुंतागुंतीचं आहे म्हणत, जूनअखेरपर्यंत रजा घेतली. यकृत प्रत्यारोपण झाल्याची बातमी जूनमध्ये फुटली. हा भाग गिरवू नका. गिरवायचा तो दुसरा: २००४, २००९ आणि २०११ अशा तिन्ही रजांत रोजचा कारभार टिम कुककडेच होता, त्यामुळे २४ ऑगस्ट २०११ ला जॉब्सने पद सोडून कुकचं नाव सुचवलं तेव्हा पुरवठादारांना नवा माणूस ओळखावा लागला नाही. सहा आठवड्यांत, ५ ऑक्टोबरला, जॉब्स गेला.

तुमची कंपनी शेअर बाजारात नाही, नाहीतर एमडी ९० दिवसांत ४५ दिवसांहून जास्त काळ काम पाहू शकला नाही तर सेबीच्या नियमाने कारणासह जाहीर करावं लागतं. तुम्हाला तसं बंधन नाही, पण इतवारीच्या बाजारात बातमी पोचायच्या आत बँक मॅनेजर आणि मोठे चार-पाच पुरवठादार यांना स्वतः भेटा. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "काकाजी उपचार घेताहेत, सह्या आता मी करतो" पुरे.

मग राजीनामा. पत्र कंपनीला मिळाल्याची तारीख किंवा पत्रातली तारीख, यातली नंतरची लागू. कंपनीने पुन्हा डीआयआर-१२ भरायचा. संचालकाने स्वतः राजीनामा कळवायचा डीआयआर-११ आता ऐच्छिक आहे, तरी काकाजींकडून भरून घ्या, म्हणजे नाव रेकॉर्डवर लटकत राहत नाही. त्यांना सन्मानाने नुसतं संचालक ठेवायचं असेल तर तेही चालेल, पण सलग बारा महिने एकाही बैठकीला हजर नसतील तर रजा मागूनही पद कलम १६७ ने जातं.

राजीनाम्याने शेअर हलत नाहीत, हे घरातल्यांना समजावा. एसएच-१३ फॉर्म भरून शेअरना नॉमिनी नेमा (शेअर डिमॅट असतील तर डिमॅट खात्यात), पण साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्कच चालतो. म्हणून मृत्युपत्र हवंच. शेअर आत्ताच द्यायचे असतील तर कागदी शेअरचा हस्तांतरणाचा फॉर्म एसएच-४ सही झाल्यापासून ६० दिवसांत कंपनीकडे द्या. मोठा हिस्सा हलवण्याआधी एमआयडीसीच्या प्लॉटचं लीज डीड वाचा आणि सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात विचारून या.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. भाऊबंदकीची शंका असेल तर नोंदणी करा आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं 'शुद्धीत व समजून सही केली' असं प्रमाणपत्र जोडा. कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळ्या सुरू होणार असतील तर त्याआधीच जा. त्या औषधाने तळहाताची कातडी सोलून बोटांचे ठसे पुसट होऊ शकतात, आणि निबंधक कार्यालयात अंगठा द्यावा लागतो.