निधीसाठी पळताय? किलोमीटरइतकाच पैशाचाही हिशोब ठेवा

थंडीतल्या शर्यती जवळ आल्या की कॅन्सर संशोधनासाठी निधी जमवायला निघालेल्यांची पत्रं वाढतात. या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : वय ४६, बँकेत नोकरी. वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या नावाने कोल्हापूर ते मुंबई सायकलने दोन दिवसांत जाऊन निधी जमवायचा आहे. रोज रंकाळ्यावर चालतो. तीन महिन्यांत तयारी होईल का? (राजारामपुरी)

नाही होणार, आणि तुमची तळमळ पोहोचली म्हणूनच स्पष्ट सांगतो. पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर म्हणजे लागोपाठ दोन दिवस आठ-दहा तास सीटवर. चालण्याने दम वाढतो, पण मान, मनगटं आणि गुडघ्यांना इतक्या तासांची सवय त्यातून होत नाही. मुंबई पुढच्या वर्षी ठेवा.

यंदा पन्हाळा घ्या. वीसेक किलोमीटर आणि शेवटी घाट. देणगी देणाऱ्या तुमच्या प्रत्येक नातेवाइकाला ती चढण ठाऊक आहे, त्यामुळे तिची किंमत कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. आठवड्यातून तीन दिवस, बोलता बोलता पॅडल मारता येईल अशा वेगाने सुरुवात करा. आठवड्याचा एकूण वेळ दहाएक टक्क्यांनीच वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. चाळिशी उलटली आहे, तेव्हा रक्तदाब आणि साखर आधी तपासून घ्या. छातीत दुखत असेल, जिना चढताना धाप लागत असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घाटाकडे फिरकू नका.

आता आपल्या भागापुरतं. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पहाटेच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे बहुतेक वेळा दिवा नाही, आणि दोन्ही कडांनी बाहेर आलेला ऊस. अंधारात ती टोकं दिसतात तेव्हा ब्रेक दाबायलाही वेळ उरलेला नसतो. उजाडल्यावरच निघा, मागे लाल दिवा आणि अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट असू द्या, आणि ट्रॉलीच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको, वरण-भात खा. लांबच्या पल्ल्याला पाण्यात मीठ-साखर घाला आणि तहान लागेल तसं प्या. घोटावर घोट नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : संशोधनाला पैसे देऊन रुग्णाच्या हाती काय लागतं? त्यापेक्षा गावातल्या गरीब रुग्णाचं बिल भरलेलं काय वाईट? (निवृत्त शिक्षक, कागल)

गुरुजी, बिल भरणं मोलाचंच आहे, ते थांबवू नका. पण पहिल्या पत्रातल्या वडिलांना झालेला आजारच घ्या. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर गाठीबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथी काढाव्यात, की तिथे आजार दिसेपर्यंत थांबावं, यावर सर्जन मंडळींत वर्षानुवर्षं दोन तट होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने रुग्णांचे दोन गट करून त्याचा छडा लावला. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. शस्त्रक्रिया कधी करायची एवढंच नक्की कळलं आणि शंभरात बारा माणसं जास्त जगली. ते कळण्यासाठी रुग्णांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बोलावून तपासावं लागतं, नोंदी ठेवाव्या लागतात, त्यासाठी माणसं नेमावी लागतात. संशोधनाचा पैसा तिथे जातो.

दुसरं उदाहरण तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. तिथल्या खेड्यांतल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी ज्या गटात झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्या कामात होतं.

हाडाच्या कॅन्सरमुळे पाय गमावलेला कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, तो संशोधनासाठीच पैसे मागत. आजार फुप्फुसांत पोहोचला तेव्हा त्याला थांबावं लागलं.

प्रश्न : आमचं तालीम मंडळ निधीसाठी दौड काढणार आहे. पैसे अध्यक्षांच्या फोनवर ऑनलाइन घेतले तर चालतील का? (शिवाजी पेठ)

घेऊ नका. अध्यक्ष कितीही सचोटीचे असोत, खासगी खात्यात आलेल्या वर्गणीवर उद्या बोट ठेवलं जातंच. ज्या संस्थेला द्यायचे तिच्या खात्यात देणगीदारानेच थेट भरावेत आणि पावती त्याच्याच नावाने निघावी. जुन्या करप्रणालीत करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी उपयोगाची नाही. मंडळ स्वतः वर्गणी गोळा करणार असेल, तर गणेशोत्सवाला घेता तशी परवानगी लागेल का, हे धर्मादाय कार्यालयात आधी विचारा.

‘कॅन्सरसाठी’ एवढंच लिहून भागत नाही. पैसे संशोधनाला की उपचाराला, हे संस्थेकडून लेखी घ्या आणि पत्रकावर छापा. टी-शर्ट, पदकं, मंडप यांचा खर्च नोंदणी शुल्कातून भागवा, देणगीला हात लावू नका. दौड झाल्यावर पावत्यांची बेरीज तालमीच्या फलकावर लावा.

प्रश्न : पान मसाल्याची एक कंपनी सगळा खर्च द्यायला तयार आहे. फक्त टी-शर्टवर नाव हवं म्हणते.

नाही म्हणा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि गुटख्याच्याच नावांची ओळख लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवायला पान मसाल्याच्या अशा जाहिराती उपयोगी पडतात. मुखकॅन्सरच्या निधीसाठी धावणाऱ्या पोरांच्या छातीवर ते नाव मला सहन होणार नाही.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून आठ महिने झाले. मुलीसोबत विद्यापीठाच्या आवारात निधीसाठी दहा किलोमीटर करायचे आहेत. घरचे नको म्हणतात. (वय ५२)

ताई, घरच्यांची भीती मायेपोटी आहे, पण सगळी खरी नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. केमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांत आठ वर्षांनी ९० टक्के हयात होते, फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३. तुमचा आजार वेगळा आहे, त्यामुळे तोच आकडा तुम्हाला लावता येणार नाही. पण केमोनंतर नुसतं पडून राहावं, हा समज आता सोडायला हवा.

तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना आधी तीन गोष्टी विचारा. दिलेल्या औषधांपैकी कुठलं हृदयावर परिणाम करणारं होतं का आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला हवी का? हिमोग्लोबिन किती आहे? हाडं ठिसूळ झाली आहेत का? तळपायाला बधिरपणा असेल तर खडबडीत वाट टाळा, सपाट डांबरी रस्ता धरा. काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताकडे लक्ष ठेवा. बांगडी किंवा अंगठी घट्ट वाटू लागली तर सराव थांबवून लगेच दाखवा.

होकार मिळाला की वीस मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करा. दहा किलोमीटर चालत पूर्ण केले तरी देणगी तेवढीच मिळते. त्या दिवशी ताप, उलटी किंवा चक्कर असेल तर मुलीला एकटीला पाठवा.