हिस्टिडिनचा डबा उघडू का?

प्रश्न : ताई, माझ्या पुतण्याला रक्ताचा कॅन्सर आहे, एएलएल. बांबोळीला उपचार चालू आहेत. सध्या आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या असतात. हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) घेतलं तर हे औषध जास्त लागू पडतं असं भाच्याने कुठेतरी वाचलं आणि पावडरचा डबाच आणून दिला. बांगड्यातही ते भरपूर असतं म्हणे. देऊ का?
— एक काकी, डिचोली

उत्तर : काकी, भाचा थापा मारत नाही. पेशीला डीएनए बनवायला टेट्राहायड्रोफोलेट, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडपासून शरीरात तयार होणारं द्रव्य, लागतं आणि मेथोट्रेक्सेट नेमका त्याचाच पुरवठा तोडतं. हिस्टिडिनचं विघटन होतानाही तेच खर्ची पडतं. आधीच रिकाम्या होत आलेल्या डब्यात आणखी एकाने हात घालावा, तसं. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. मात्र ते उंदरांवर! पुतण्याचा डोस त्याच्या अंगमापावर, हिस्टिडिन न धरता ठरवलाय. औषधाचा जोर वाढला तर तोंड, यकृत, मूत्रपिंड यांना झळ पोचणार नाही, याची हमी भाचा देणार आहे का?

अमिनो आम्ल म्हणजे टॉनिक, हेही डोक्यातून काढा. याच आजारात अ‍ॅस्पॅराजिनेज देतात, ते रक्तातलं अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल मोडून टाकतं आणि कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात. म्हणजे एक वाढवायचं, दुसरं संपवायचं. हा हिशेब स्वयंपाकघरात मांडायचा नव्हे.

माझ्या बाबांनाही मेथोट्रेक्सेट होतं. शेजारणीने दिलेली प्रोटीन पावडर मी आठ दिवस त्यांच्या पेजेत कालवली, डॉक्टरांना न विचारता. मग डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचलं : फोलिक अ‍ॅसिड. म्हणजे औषध जे अडवतंय, तेच मी चमच्याने भरत होते. तेव्हा पुढच्या खेपेला हा हिस्टिडिनचा डबा पिशवीत घालून ओपीडीत न्या, नाव सांगून भागत नाही.

बांगड्याचं हुमण मात्र खुशाल करा, डॉक्टरांनी मासे बंद केले नसतील तर. फक्त बर्फावरचा, ताजा घ्या. बांगडा उन्हात राहिला की जंतू त्याच्यातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि घरातले समजतात गोळीची अ‍ॅलर्जी. दुपारी दारावर आलेल्या पाटीतले डोळे बसलेले बांगडे परत पाठवा आणि त्या दिवशी मुगांचं तोणक करा.