कर्ज थकलं तर घरातलं काय वाचतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: धंदा बसला, देणेकरी मागे लागलेत. फ्लॅट बायकोच्या नावावर गिफ्ट डीड करून टाकू का?

नको, प्लीज नको. देणी डोक्यावर असताना फुकटात नाव बदललं की ते देणेकऱ्यांना चुकवायलाच केलं असं कोर्ट धरू शकतं आणि संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५३ खाली ते रद्द होऊ शकतं, शिवाय तुम्ही नादार (म्हणजे दिवाळखोर) ठरलात तर अर्जाच्या आधीच्या २ वर्षांत केलेली अशी बक्षिसं १९२० च्या नादारी कायद्यानेही उलटवता येतात. म्हणजे फ्लॅट वाचत नाहीच, वर बायको कोर्टात उभी. फ्लॅट खरंच विकायचा असेल तर बाजारभावाने विका, पैसे बँकेतून घ्या आणि त्यातूनच देणी फेडा.

प्रश्न: नोकरी आहे पण क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन दोन्ही थकलंय. पीएफ काढून भरू का? रिकव्हरीवाला म्हणतो पगार जप्त करू.

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि घाबरून नेमकं चुकीचं करून बसतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पीएफ आणि पीपीएफमधली रक्कम जप्तीतून वगळलेली आहे, तुमच्या आयुर्विम्याचे पैसेसुद्धा. जे पैसे कायद्यानेच सुरक्षित ठेवलेत तेच काढून विनातारण कर्जात ओतायचे, आणि एवढं करून कर्ज पूर्ण फिटत नसेल तर म्हातारपणाची सोयही गेली आणि कर्जही राहिलं. काढलेली रक्कम सेव्हिंग खात्यात इतर पैशांत मिसळली की ती पीएफची होती हे सांगत बसावं लागतं ते वेगळंच.

पगाराचं म्हणाल तर एजंटच्या फोनने पगार जप्त होत नाही, त्याला कोर्टाची डिक्री, म्हणजे दाव्याचा निकाल लागून झालेला हुकूम लागतो. आणि डिक्री झाली तरी पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश तुमचेच, त्याच डिक्रीसाठी जप्ती २४ महिन्यांच्या पुढे जात नाही. (पोटगीची डिक्री असेल तर हिशोब वेगळा.) मात्र एक काम आजच करा, ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिथेच पगार जमा होत असेल तर एचआरला सांगून दुसऱ्या बँकेतलं खातं द्या, कारण बँक आपल्याकडच्या खात्यातून थकबाकी वळती करून घेऊ शकते. आणि एजंट सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे, बँकेकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न: भावाच्या लोनला मी गॅरेंटर आहे. बँक आधी त्याच्याकडे जाईल ना?

जायलाच पाहिजे असं नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर गॅरेंटरची जबाबदारी कर्जदाराइतकीच. भावाला घेऊन आत्ताच बँकेत बसा, नोटीस यायची वाट बघू नका.

प्रश्न: वडील वारले, त्यांचं लोन माझ्या पगारातून फेडावं लागेल का?

तुम्ही सहकर्जदार किंवा गॅरेंटर नसाल तर नाही. त्यांच्याकडून जेवढी मालमत्ता तुम्हाला मिळाली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. बँकेने ‘फक्त फॉर्मॅलिटी’ म्हणून नव्या कागदावर सही मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका, त्या एका सहीने लोन तुमचं होऊ शकतं.