अहवालातील ‘४५’ या आकड्याचा अर्थ

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेचा गेल्या चार वर्षांत तीनदा गर्भपात झाला. डॉक्टरांनी पती-पत्नी दोघांच्याही गुणसूत्रांची तपासणी करून घेतली. जावेच्या अहवालात ४६ गुणसूत्रे आहेत. दिरांच्या अहवालात मात्र ४५ असून, १३ व १४ क्रमांकांची गुणसूत्रे जोडली गेल्याचे लिहिले आहे. दीर धडधाकट आहेत, शेती पाहतात. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असले काही नाही. एक गुणसूत्र कमी म्हणजे माणसात काही उणीव असते का? माझ्या दोन मुलांना काही धोका आहे का?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : आपल्या दिरांमध्ये कोणतीही उणीव नाही, हे प्रथम सांगतो, कारण सध्या त्या एका आकड्याचे ओझे घरातील सर्वांच्याच मनावर असणार. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. (शास्त्रज्ञही तीसेक वर्षे ती ४८ समजत होते, जो हिन चियो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये ती चूक दुरुस्त केली.) त्यांपैकी १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांची एक बाजू अगदी आखूड असते आणि तिच्यावरील महत्त्वाच्या जनुकांच्या प्रती इतरत्रही असतात. दोन वह्या एकत्र शिवाव्यात आणि शिवताना पुठ्ठे तेवढे गळावेत, तसे दिरांचे एक १३ आणि एक १४ क्रमांकाचे गुणसूत्र जोडले गेले आहे. मोजताना एक वही कमी भरते, मजकूर मात्र शाबूत असतो.

अडचण येते ती पुरुषबीज तयार होताना. जोडलेल्या गुणसूत्राबरोबर सुटे १३ किंवा १४ देखील गेले, तर गर्भात त्याच्या तीन प्रती होतात. उलट एखादे गेलेच नाही, तर एकच प्रत राहते. असे गर्भ बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच पडतात. जावेच्या खाण्यापिण्याचा किंवा कष्टांचा याच्याशी काही संबंध नाही, हे घरात स्पष्ट बोलले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ही तपासणी कशी होते, हे कोरेगावच्या वाचकाला सांगताना मला विशेष आनंद होतो. रक्तातील पांढऱ्या पेशी आपणहून विभागत नाहीत. त्यांना विभाजनास लावणारे प्रथिन घेवड्याच्या बियांतून काढले जाते, आणि आपल्या कोरेगाव भागात पिकणारा वाघ्या घेवडा त्याच वनस्पतीचा एक वाण आहे. पेशी ३७ अंश सेल्सिअसला सुमारे तीन दिवस वाढवतात, गुणसूत्रे आखडून ठसठशीत दिसू लागतात त्या क्षणी औषधाने विभाजन थांबवतात, आणि मग काचपट्टीवर रंगवून त्यांचे गडद-फिके पट्टे साधारणपणे वीस पेशींत तपासतात. संख्या, मोठी मोडतोड व अदलाबदल यांतून कळते. थॅलॅसेमियासारखा एकाच जनुकातील दोष यात दिसत नाही, आणि बुद्धी किंवा स्वभाव तर मुळीच नाही.

सासूबाई मनापासूनच बोलत असतील, कारण अशी जोडणी निरोगी माणसांतून पिढ्यान्‌पिढ्या नकळत येऊ शकते. जावेने पुढील गर्भधारणेपूर्वी जनुकीय सल्लागारांना जरूर भेटावे. अशा अनेक दांपत्यांना निरोगी मूल होते. दिवस राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येते. मात्र १९९४ च्या कायद्यानुसार गर्भाचे लिंग सांगितले जात नाही.

राहिला आपल्या मुलांचा प्रश्न. ही जोडणी सासू-सासऱ्यांपैकी एकाकडून आली असेल, तर ती आपल्या यजमानांकडेही असण्याची शक्यता निम्मी आहे. म्हणून आधी यजमानांची तपासणी करावी. त्यांची ४६ गुणसूत्रे नेहमीप्रमाणे आढळली, तर या कारणासाठी मुलांना तपासण्याची गरज नाही. ४५ आढळली, तरी निरोगी मुलांना आत्ता सुई टोचण्याची घाई नको. ती मोठी होऊन आपला संसार मांडतील, तेव्हा त्यांना हा अहवाल दाखवावा.