वाचकांचे प्रश्न : चालू डेटाबेस क्लाऊडवर नेताना

प्रश्न : आमच्या दूध संघाचा ओरॅकल डेटाबेस सुमारे ६ टेराबाइटचा आहे. केंद्रांवरचे सकाळ-संध्याकाळचे संकलन, फॅट आणि एसएनएफनुसार (स्निग्धांश आणि इतर घन घटकांनुसार) दर, दर दहा दिवसांचे बिल असे सारे काम त्यावर चालते. व्यवस्थापनाने तो मुंबईतील क्लाऊडवर नेण्याचे ठरवले आहे, मात्र दोन तासांहून अधिक काळ काम बंद ठेवता येणार नाही. आमची लाइन २०० एमबीपीएसची आहे. हे जमेल का?
— संगणक विभागप्रमुख, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : जमेल. परंतु त्या दोन तासांत डेटा नेता येईल, हा विचार प्रथम मनातून काढून टाकावा. ६ टेराबाइट म्हणजे ४ कोटी ८० लाख मेगाबिट. लाइन पूर्ण क्षमतेने मिळाली तरी २ लाख ४० हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ ६७ तास लागतील. दिवसा कार्यालयाचे कामही त्याच लाइनवर चालत असल्याने प्रत्यक्षात आठवडा धरून चालावे. हा आठवडा डेटाबेस चालू असतानाच गेला पाहिजे.

त्याची रीत अशी. ओरॅकल प्रत्येक बदल आधी रीडो लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो आणि प्रत्येक क्षणाला एससीएन नावाचा चढता क्रमांक असतो. एक क्रमांक निश्चित करून त्या क्षणीच्या डेटाची प्रत क्लाऊडवर भरायला घ्यायची, आणि त्या क्रमांकानंतरचे सगळे बदल लॉगमधून वाचून त्या प्रतीवर क्रमाने लावत राहायचे. गोल्डनगेट किंवा एडब्ल्यूएस डीएमएस यांसारखी साधने हेच करतात. प्रत भरून झाली की मागे पडलेले बदल भरून निघतात आणि दोन्ही डेटाबेसमधले अंतर काही सेकंदांवर येते. कटओव्हरच्या, म्हणजे काम जुन्यावरून नव्या डेटाबेसवर वळवण्याच्या, दिवशी उरते ते केवळ हे सेकंदांचे अंतर. रोज ४० जीबी रीडो तयार होत असला, तरी आपल्या लाइनला त्यासाठी अर्धा तास पुरतो. मात्र बिल काढण्याच्या रात्री तो एकदम वाढतो, म्हणून त्या रात्रीचे मोजमाप आधीच घ्यावे.

आर्काइव्ह लॉगकडे, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या रीडो लॉगकडे, विशेष लक्ष द्यावे. एका संस्थेत आम्ही पाहिले की बॅकअपची जुनी स्क्रिप्ट तीन दिवसांपूर्वीचे लॉग रोज रात्री पुसून टाकत होती आणि प्रत भरायला पाच दिवस लागणार होते. चौथ्या दिवशी साधनाला हवा असलेला लॉग जागेवर नव्हता, आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागले. प्रत पूर्ण होऊन मागचे बदल लागेपर्यंत एकही लॉग पुसला जाणार नाही याची लेखी जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. सप्लिमेंटल लॉगिंग (लॉगमध्ये ओळ ओळखण्यापुरती जादा माहिती लिहिणे) सुरू आहे का आणि प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) नसलेली टेबले कोणती, हेही याच टप्प्यावर पाहावे; अशा टेबलांत कोणती ओळ बदलली हे साधनाला खात्रीने ओळखता येत नाही.

कटओव्हरसाठी रविवारची रात्र निवडण्याची सर्वत्र प्रथा आहे. दूध संघाला ती लागू नाही, कारण दूध रविवारीही येते. सकाळचे संकलन संपल्यानंतर आणि संध्याकाळचे सुरू होण्यापूर्वी, साधारण अकराच्या सुमारास काम हाती घ्यावे. त्या वेळी सर्व माणसे ताजीतवानी असतात आणि अडचण आल्यास पुरवठादाराचा फोनही लागतो. तारीख निवडताना बिलाच्या दहा दिवसांतला दुसरा किंवा तिसरा दिवस घ्यावा, म्हणजे चूक निघाली तरी उत्पादकाच्या हाती रक्कम पडण्याआधी ती दुरुस्त होईल.

कटओव्हर सुरू करताना संघाची संगणक प्रणाली केवळ वाचनासाठी खुली ठेवायची, शेवटचा बदल पलीकडे पोहोचेपर्यंत थांबायचे आणि मग पडताळणी करायची. नुसती ओळींची संख्या जुळणे पुरेसे नाही. केंद्रनिहाय लिटरची, रकमेची आणि लिटर गुणिले फॅटची बेरीज दोन्हीकडे काढून ती पैशापर्यंत जुळली पाहिजे. ओरॅकलमधील सीक्वेन्सचा (नव्या नोंदीला आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीचा) चालू क्रमांक बहुतेक साधने नेत नाहीत. तो हाताने पुढे सरकवला नाही तर पहिल्याच पावतीला जुना क्रमांक मिळून नोंद नाकारली जाते. मग जोडणी बदलायची आणि एका केंद्रावर एक खरी नोंद करून पाहायची : म्हशीचे ४.२ लिटर, फॅट ६.५, एसएनएफ ९.०. पावती, दर आणि उत्पादकाच्या खात्यावरची रक्कम तिन्ही बरोबर आल्यावरच बाकीची केंद्रे सुरू करावीत.

आणि परतीची वाट मोडू नये. कटओव्हरच्या क्षणापासून क्लाऊडवरचे बदल उलट दिशेने जुन्या डेटाबेसवर लावत राहावेत. तसे केले नाही, तर दुपारी चार वाजता बिघाड लक्षात आल्यावर मागे जाताना मधल्या काळातल्या नोंदी गमवाव्या लागतील. किमान दोन बिले सुरळीत निघेपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग त्याचा दुप्पट खर्च हिशेब विभागाला कितीही खटको.

प्रश्न : स्थलांतर करतानाच ओरॅकल सोडून पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसवर जावे का? परवान्याचा खर्च वाचेल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही कामे करावीत, पण एकाच दिवशी करू नयेत. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल, म्हणजे मूल्यच नाही असे, मानतो, पोस्टग्रेस मानत नाही. ओरॅकलच्या डेट प्रकारात वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. अशा फरकांमुळे आलेली चूक आणि नव्या जागेमुळे आलेली चूक एकत्र झाल्या की मूळ शोधणे फार कठीण जाते. ओरॅकलची एंटरप्राइझ एडिशन असेल, तर क्लाऊडवरील स्वतःच्या सर्व्हरवर तिच्यातील डेटा गार्ड या सोयीचा स्टँडबाय (सतत अद्ययावत राहणारी जोडप्रत) उभा करून काही मिनिटांत स्विचओव्हर, म्हणजे काम त्या प्रतीवर वळवणे, करता येतो. पोस्टग्रेसचा विचार त्यानंतर सवडीने करावा.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे उदाहरण येथे आठवते. एप्रिल २०१८ मध्ये एकाच शनिवार-रविवारी सुमारे ५२ लाख ग्राहकांचा डेटा नव्या प्रणालीवर नेण्यात आला. डेटा नीट पोहोचला, पण प्रणाली कोलमडली, आणि व्यवहार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. म्हणून नव्या डेटाबेसवर सकाळी सहाच्या गर्दीइतका भार आधीच टाकून पाहणे आम्ही अनिवार्य मानतो.

प्रश्न : चाचणीसाठी काढलेल्या प्रतीत सभासदांची मराठी नावे कोठे प्रश्नचिन्हे, तर कोठे विचित्र रोमन अक्षरे अशी दिसतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. प्रश्नचिन्हे याचा अर्थ, वाटेतल्या एखाद्या जोडणीला देवनागरी ठाऊक नव्हती आणि त्या प्रतीतली मूळ अक्षरे गेली. जोडणीची लिपी ठरवणारी एनएलएस लँगची मांडणी सुधारून प्रत पुन्हा काढण्यावाचून उपाय नाही. रोमन अक्षरे दिसतात तेथे मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटच्या सांकेतिक पद्धतीत आहे. तो त्याच फाँटच्या परिवर्तकातून न्यावा लागेल. मात्र यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलंत धरून दहा चिन्हे येतात, म्हणजे ३० बाइट झाले. ३० बाइटच्या कॉलममध्ये त्यापुढे एक काना मावणार नाही. कॉलमची लांबी बाइटऐवजी अक्षरांत घोषित करावी.

‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन-तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, पण शोध घेताना आणि चेकसम (प्रत जुळते का हे पाहण्याचा आकडा) काढताना ही नावे वेगळी ठरतात. परिवर्तनाच्या वेळीच एक प्रकार ठरवून सर्व नोंदी त्यात आणाव्यात, अन्यथा एकाच सभासदाची पुढे दोन खाती तयार होतील.