वाचक विचारतात : अमेरिकेच्या दक्षिणेकडील बिस्किटे फुलत का नाहीत?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपासून नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे राहतो. येथे बिस्कीट म्हणजे चहात बुडवायचा कुरकुरीत प्रकार नव्हे. न्याहारीला गरम गरम खातात तो मऊ, पापुद्रे सुटणारा, गोल आणि उंच असा पदार्थ. शेजारच्या आजींची बिस्किटे छान वर येतात. त्यांच्याच प्रमाणाने केलेली माझी मात्र बसकी आणि चिवट होतात. मी पीठ दहा मिनिटे चांगले मळते आणि अर्धा तास झाकून ठेवते. माझे कोठे चुकते? (एक वाचक, शार्लट)

उत्तर : पीठ मळणे आणि झाकून ठेवणे, नेमके याच दोन ठिकाणी चुकते आहे. पोळीची कणीक जितकी तिंबावी आणि मुरू द्यावी तितकी पोळी मऊ होते, हे आपल्या हातांत इतके भिनलेले असते की कोणतेही पीठ समोर आले की हात आपोआप मळू लागतात. मळल्याने गव्हातील प्रथिनांचे ग्लूटेन तयार होते आणि त्याचे धागे ताणले जातात. पोळी लाटताना फाटत नाही ती त्यामुळेच. बिस्किटात हेच धागे पिठाला आवळून धरतात आणि ते वर येऊ देत नाहीत. शिवाय बेकिंग पावडरला ओल लागताच वायू सुटू लागतो, म्हणून अर्धा तास झाकून ठेवलेल्या पिठातील बराचसा जोर ओव्हनपर्यंत पोहोचतच नाही, आणि तेवढ्या वेळात लोणीही मऊ पडते.

मी टेनेसीत राहत असताना हा पदार्थ एका शेजारीणबाईंकडून शिकले. ताक ओतून मी लाकडी चमच्याने जेमतेम दहा-बारा वेळा ढवळले असेल. भांड्याच्या तळाशी थोडे कोरडे पीठ अजून दिसत होते, तोच त्यांनी माझे मनगट धरले आणि आता हात लावायचा नाही, असे सांगितले. तो चिकट, ओबडधोबड गोळा पाहून माझा विश्वास बसेना. पंधरा मिनिटांनी ओव्हनमधून जे बाहेर आले ते पाहून मात्र माझी खात्री पटली, आणि ती आजतागायत टिकून आहे.

आता पिठाविषयी. अमेरिकेच्या दक्षिण भागात पूर्वापार मऊ जातीचा तांबडा हिवाळी गहू पिकतो. त्याच्या मैद्यात प्रथिने साधारण ८ ते ९ टक्के असतात, तर सर्वसाधारण वापराच्या मैद्यात ती १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातात. नॉक्सव्हिल येथे १८८३ साली सुरू झालेल्या ‘व्हाइट लिली’चे पीठ तिकडच्या घरांत इतके जिव्हाळ्याचे झाले ते या मऊ गव्हामुळेच. तुमच्या आजी बहुधा असेच पीठ वापरत असतील; तेव्हा प्रमाण एकच असले तरी पीठ एकच आहे का, हे त्यांना अवश्य विचारा. पिशवीवर ‘सेल्फ रायझिंग’ असे लिहिलेले असेल, तर त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेले असते. ते पुन्हा घालू नये. कप पिशवीत खुपसून भरू नका. चमच्याने हलकेच भरलेल्या कपात सुमारे १२० ग्रॅम मैदा मावतो, तर खुपसून भरलेल्या कपात १४० ग्रॅम किंवा अधिकही जातो, आणि तेवढ्या फरकानेही बिस्कीट कोरडे पडते.

आठ बिस्किटांसाठी माझे प्रमाण असे आहे : २५० ग्रॅम मैदा, ३ लहान चमचे बेकिंग पावडर, पाव लहान चमचा सोडा, पाऊण लहान चमचा मीठ, ९० ग्रॅम थंडगार लोणी आणि साधारण २०० मिलिलिटर घट्ट आंबट ताक. तेथील दुकानात ‘बटरमिल्क’ म्हणून मिळते ते विरजण लावून घट्ट केलेले असते, आणि तेच घ्यावे.

लोण्याच्या बाबतीत शंकरपाळ्यांची सवय विसरायला हवी. तेथे कडकडीत मोहन पिठाच्या कणाकणाला लागावे लागते. येथे लोणी फ्रीजमधून काढून त्याचे तुकडे करायचे आणि बोटांच्या टोकांनी भरभर चोळायचे, तळहात लागू द्यायचा नाही. काही कण ज्वारीच्या दाण्याएवढे आणि काही जाड पोह्यांसारखे चपटे राहिले पाहिजेत. लोण्यात सहाव्या हिश्शाच्या आसपास पाणी असते. भट्टीच्या उष्णतेने लोणी वितळते आणि त्यातील पाण्याची वाफ सुमारे १६०० पट जागा मागते. ती वाफ पिठाचे थर उचलते आणि लोण्याच्या जागी पोकळी राहते. लोणी आधीच वितळून पिठात मुरले, तर वेगळे थर उरतच नाहीत. साट्याच्या करंजीला पापुद्रे सुटतात ते दोन थरांमध्ये स्निग्धांश वेगळा राहतो म्हणून. येथेही तत्त्व तेच, मात्र साटा वेगळा लावावा लागत नाही.

गोळा पीठ भुरभुरवलेल्या ओट्यावर घ्या, हाताने थापून दोन सेंटिमीटर जाडीचा करा, तिहेरी घडी घाला, पुन्हा थापा, आणि असे तीनदा करून शेवटची जाडी अडीच सेंटिमीटर ठेवा. लाटणे न वापरलेलेच बरे. गोल कापताना धारदार साचा सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. तो पिळत फिरवला की कडेचे थर एकमेकांना चिकटतात आणि बिस्कीट वाकडे वर येते. आपली स्टीलची वाटी याच कारणाने चालत नाही, कारण तिचा बोथट काठ थर कापण्याऐवजी दाबून बंद करतो. बिस्किटे एकमेकांना चिकटून ठेवा, म्हणजे त्यांना आडवे पसरायला जागा राहत नाही आणि ती वरच चढतात. बिडाचा तवा असेल तर तोच वापरा, खालची बाजू सुरेख खरपूस होते. ओव्हन २३० अंश सेल्सियसला पूर्ण तापल्याशिवाय बिस्किटे आत सरकवू नका. १२ ते १५ मिनिटे पुरतात.

तुमच्या त्या आजींना आणखी एक गोष्ट विचारून पाहा : त्यांच्या घरी पूर्वी ‘बीटन बिस्किट’ होत असे का? बेकिंग पावडर घरोघरी पोहोचण्यापूर्वी पीठ मोगरीने अर्धा अर्धा तास कुटून त्यात हवा भरली जाई, आणि श्रीमंत घरांत हे कष्ट बहुतेक गुलामगिरीत जखडलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला येत. या पदार्थाचे कौतुक करताना त्या हातांची आठवण ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्याकडे नाशिकमध्ये तसले पीठ आणि तसले ताक मिळत नाही. घरचे साहित्य चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालेल. दर कप मैद्यातून २ मोठे चमचे मैदा काढून त्याऐवजी तेवढेच कॉर्नफ्लोअर घाला आणि दोनदा चाळून घ्या; प्रथिनांचे प्रमाण त्याने उतरते. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरे शुभ्र मक्याचे सत्त्व, भाकरीचे मक्याचे पीठ नव्हे. ताक जेवणातल्यासारखे पातळ नको. तीन भाग आंबट दही आणि एक भाग गार पाणी घुसळून घ्या. ही आंबट चव केवळ चवीसाठी नसते, सोड्याला काम करायला आम्लच लागते. आंबटपणा कमी पडला तर सोडा शिल्लक राहून बिस्किटाला साबणासारखी चव येते. विकतचे खारे लोणी घेतल्यास मीठ निम्मे करा. घरच्या लोण्यात पाणी आणि ताक जास्त राहते, त्यामुळे ते गार पाण्यात धुऊन, दाबून, रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट करूनच वापरा. बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहा. ती लगेच फसफसली नाही तर फेकून द्या.

प्रश्न : बिस्किटे कशाबरोबर खावीत आणि उरली तर काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दक्षिणेत लोणी, फळांचा मुरंबा, सॉसेजची पांढरी दाट ग्रेव्ही किंवा ‘सॉरघम’ यांच्याबरोबर खातात. सॉरघम म्हणजे गोड ज्वारीच्या धाटांचा रस आटवून केलेला पाक. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळची काकवी, आणि गरम बिस्किटावर लोणी व काकवी फारच छान लागते. भाजलेली बिस्किटे त्याच दिवशी संपवावीत. जास्तीची हवी असल्यास कापलेले कच्चे गोल फ्रीझरमध्ये वेगवेगळे गोठवून मग डब्यात भरा, आणि हवे तेव्हा न वितळवता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. तीन-चार मिनिटे जास्त लागतील.