कव्हरेजमध्ये लाल दिसणारं सगळं सीएसएस काढून टाकलं तर चालेल का?

तयार टेम्प्लेटवर तारकर्लीच्या होमस्टेची साइट केलीत आणि क्रोमचं कव्हरेज (पानाला कुठला कोड लागला ते दाखवणारं साधन) निम्म्याहून जास्त सीएसएस (पानाचं रूप ठरवणारे नियम) लाल दाखवतंय, असं तुम्ही लिहिलंय. काढा, पण लाल दिसलं म्हणून लगेच नको. लाल म्हणजे 'या वेळी लागलं नाही', एवढंच. मेन्यू उघडला नाही, फॉर्म चुकीचा भरून पाहिला नाही, खिडकी मोबाइलएवढी केली नाही, तर ते नियम लालच राहणार.

आणि आपल्याकडे ऋतूंची भानगड वेगळीच. मी मालवण-देवगडकडच्या लोकांच्या साइट करतो. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा वर येणारी पट्टी. हंगाम सरला की हापूसवर लागणारं 'संपला'. गणपतीत घरचीच माणसं, म्हणून बुकिंग बंद. जानेवारीत तपासलंत तर यातलं काहीच वापरात दिसणार नाही.

पर्जसीएसएस हा न लागणारं सीएसएस काढणारा प्रोग्राम पान उघडत नाही, साइटच्या फाइलींतला मजकूर वाचून त्यात क्लासची नावं (नियम कुठे लागायचा ते ठरवणारी) शोधतो. त्यामुळे ऋतूचा प्रश्न सुटतो, पण क्लासचं नाव जावास्क्रिप्टमध्ये तुकडे जोडून बनत असेल, किंवा डेटाबेसमधून येत असेल, तर त्याला ते सापडत नाही. अशी नावं सेफलिस्टमध्ये, म्हणजे 'हे काढू नको'च्या यादीत, घाला.

तरीही शंका उरली तर मला आवडणारी युक्ती सांगतो. संशयित नियमात बॅकग्राउंड-इमेज म्हणून एक पिक्सेलचं पारदर्शक जिफ चित्र द्या, प्रत्येक नियमाला वेगळ्या नावाचं. नियम पानावरच्या दिसणाऱ्या घटकाला लागला तरच ब्राउझर ते मागवतो, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद होते. मे ते गणपती असं राहू द्या. नोंद नाही, तर नियम उडवा. फक्त त्या नियमात आधीच बॅकग्राउंड नको, आणि दुसरा नियम हे जिफ रद्द करत नाही ना, हे बघा. नाहीतर लॉग रिकामा राहील आणि तुम्ही चालतं सीएसएस कापाल.

काढताना एकेक गट काढा, गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) प्रत्येकाची कमिट, म्हणजे नोंद, वेगळी. सगळं एकदम काढलंत तर काय मोडलं ते शोधत बसाल.

टेम्प्लेट बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचावर असेल तर मात्र एवढा खटाटोप आधी करूच नका. त्याची मिनिफाइड (मोकळ्या जागा काढून आटवलेली) फाइलच दीडशे केबीच्या वर जाते. सॅसमधून (बूटस्ट्रॅपचं मूळ सीएसएस जिच्यात लिहिलंय ती भाषा) ग्रिड, बटणं, फॉर्म असे लागतील तेवढेच भाग इम्पोर्ट करा. कॅरोसेल (सरकती चित्रं), टोस्ट (छोट्या सूचना) नको असतील तर ते येणारच नाहीत, मग जे उरेल त्यावर वरचं सगळं.